उतरणीवरची गाडी

शपथेवर सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, मी तिथे उभा राहून बघत होतो. म्हणजे उभा नव्हतो, भीतीने मटकन खाली बसलो होतो.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. नाटे गावच्या रामा तांडेलने होड्या पाण्यातून वर ओढायला रुळांवरची गाडी करून घेतली. तिचं ड्रॉइंग त्याच्या भाच्याने, सुधीरने, मुंबईत कॉम्प्युटरवर काढलेलं.

"पडद्यावर गाडी इतकी झकास सरकते," सुधीर म्हणाला, "की भिंतीतूनसुद्धा आरपार जाते."

"आणि थांबते कशी?" मी विचारलं.

"थांबायला ड्रॉइंगमध्ये रुळांच्या शेवटी ठोकळा काढावा लागतो. तो राहिलाय. नंतर बसवू."

पहिल्या चाचणीला सुधीर खालच्या टोकाला, गुडघाभर गाळात उभा होता. वरची गाडी रिकामी, पण सगळी लोखंडाची. तिला ओढायची तार अचानक सुटली.

"बाजूस हो रे मेल्या," रुळाशेजारचा रामा ओरडला.

"मामा, पाय निघत नाय."

हे तो इतक्या हळू म्हणाला की मला जेमतेम ऐकू आलं. गाडी वेग घेत खाली निघाली आणि तिला अडवायला रुळांवर काहीच नव्हतं. सुधीरने डोळे मिटून घेतले. त्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर गाडी करकरत आपोआप थांबली.

यातलं 'आपोआप' तेवढं मी रचलेलं. रामाने चाकाखाली पाय घातला होता. सुधीरच्या आईला मात्र आम्ही आजही आपोआपच सांगतो.