न मागता मिळालेली रजा

"तुझ्या सायबानं तुला यात्रेला न्हाई धाडलं, वाटंतनं बाजूला काढलंय."

रहिमतपूरच्या स्टँडवर साताऱ्याच्या गाडीसाठी रांगेत उभ्या असलेल्या नाथाजी सुभेदारांनी कान टवकारले. मागं आप्पासाहेब आपल्या इंजिनिअर लेकीला, प्रियंकाला, सुनावत होते.

"आप्पा, तुमी तर घरच्या आरशावरबी संशय घ्याल."

"आजी गेली तवा रजा मिळाली न्हाई. आन् आता यात्रेला, न मागता?"

"सायब चांगला वागला तरी वाईटच व्हय?"

"तिथं काम काय चाललंय?"

"अणुभट्टीच्या पायाचं काँक्रीट ओतायचं हाय. पण खडीत माती हाय, बदलल्याबिगर ओतू देणार न्हाई म्हणून सांगून आलीय मी."

"आता कळलं. माझ्या पाण्याच्या पाळीला शेजारी चहाला बोलवतो, तवा पाणी वळवतोय का बघाय मी आदी बांधावर जातो."

तेवढ्यात प्रियंकाचा फोन वाजला. तिनं ऐकून फोन ठेवला.

"काय गं?"

"साइटवरनं फोन हुता. पाया काल ओतला. आल्यावर माल तपासल्याची सही कर म्हणत्यात."

गाडी लागली. रांग पुढं सरकली, प्रियंका मात्र जागची हलली नाही. नाथाजींनीही पाय उचलला नाही. तिनं साहेबाला फोन लावला.

"साहेब, सहीचं नंतर. आधी सांगा, खडी बदलली होती का?"