एकशेवीस शून्यांची चूक

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी पूल बांधून निवृत्त झालेले एक इंजिनिअर बसले होते. त्यांच्या पलीकडे त्यांच्या मुलीला मागणी घालायला आलेला भौतिकशास्त्राचा तरुण प्राध्यापक.

“संशोधन कशावर म्हणालात?”

“रिकाम्या जागेत ऊर्जा किती असते, यावर, काका.”

“मग, आलं उत्तर?”

“गणितानं एक येतं, आकाशात मोजलं की भलतंच निघतं.”

“थोडंफार चालायचंच. फरक केवढा?”

“एकावर एकशेवीस शून्यं द्या, तितक्या पट.”

“अरे बापरे! माझा पूल वीतभर चुकला असता तर मी तुरुंगात असतो. तुम्हाला कुणी काढलं नाही?”

“सगळ्यांचंच तेवढं चुकतं हो.”

“आणि हे लपवता कसं?”

“लपवत नाही. व्याख्यानाची सुरुवातच तिथून करतो.”

“भर सभेत? आपण होऊन?”

“हो.”

काकांनी सुजलेला गाल हातानं धरला.

“मुलगी द्यायला माझी ना नाही. पण आमच्या घरात आजवर कुणी चूक कबूल केलेली नाही. ती तर नाहीच नाही. तुमचंच कसं व्हायचं, ते बघा बुवा.”

“बोललीय ती मला. म्हणाली, तो स्वभाव बाबांचा, माझा नव्हे.”

“बघा!”