साडूची शुगर

साडूनं नवीन घर बांधलं तवा मले काही वाटलं नाही. पण त्याच्या शुगरचा मले लई हेवा वाटला.

झालं असं, आमच्या जळगाव जामोदच्या दवाखान्यात संशोधन करणाऱ्या एक मॅडम आल्या. त्यांनी आम्हा शुगरवाल्यांच्या मोबाईलमध्ये ॲप टाकून देल्लं. रोज घरी शुगर मोजायची अन् आकडा त्यात भरायचा. महिन्यानं मॅडमनं सगळ्यांसमोर माह्या साडूचा, गजाननचा, ग्राफ दाखवला. "यांच्यासारखं जमलं पाहिजे," म्हणे. माही बायको माह्याकडंच पाहून राह्यली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी मोजणंच सोडलं. सकाळी गजाननले फोन करायचा, त्याचा आकडा विचारायचा, अन् पाच कमी करून माहा म्हणून भरायचा.

पंधरा दिवसांनी मॅडमनं आम्हा दोघांले बोलावलं. मले म्हणे, "काका, तुमचे आकडे फार छान आहेत. डॉक्टर तुमची गोळी कमी करणार आहेत."

मी घाबरलो. सगळं खरं सांगून टाकलं. तिथंच मोजली, तं दोनशे नव्वद निघाली.

बाहेर आल्यावर गजानन म्हणे, "म्हणून रोज फोन करत होता काय बे? मले वाटलं, माही काळजी करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन न करता मी त्याच्या दारातच जाऊन उभा राह्यलो.

आता रोज त्याच्यासंगच फिरायले जातो. माही शुगर उतरली. पण त्याची अजूनही माह्यापेक्षा कमीच येते, अन् खरं सांगतो, मले ते अजून सहन होत नाही.