गाडीचं नाक

ओपल : किती वेळ असा ब्रेक दाबून बसू? पोटरीत गोळा आला माझ्या.

हार्लन : पाय उचलू नकोस. मी बाहेरच आहे अजून, पण उचलू नकोस. आता रिव्हर्स टाक. हळू. थांब जरा. आता न्यूट्रल. आता ड्राइव्ह.

ओपल : टाकला.

हार्लन : आता तसंच उलटं, पार्कपर्यंत. नवं तेल गिअरबॉक्सच्या कानाकोपऱ्यात गेलं पाहिजे. हँडब्रेक ओढलायस ना?

ओपल : ओढलाय. चाकांमागे ओंडके तूच लावलेस. हार्लन, साडेआठ वाजले.

हार्लन : घड्याळ नको सांगूस, तेल किती तापलंय ते सांग. गाडीला जोडलेल्या त्या फोनवर दिसतंय बघ.

ओपल : ब्याण्णव फॅरनहाइट.

हार्लन : शंभर झाले की ओरड. एकशे दहाच्या आत मला बूच उघडून तेलाची पातळी बघायचीय. फार तापवायचं नाही, आंघोळीच्या पाण्याइतकंच. थंड असलं की कमी दिसतं, जास्त तापलं की फुगतं. दोन्हीकडून फसवतं.

ओपल : आणि हे नाजूक प्रकरण आज सकाळीच काढायचं होतं? दहाला लोनी तुरुंगाच्या फाटकाबाहेर येणार. दोन वर्षांनी पोरगं सुटतंय, आणि माझी गाडी इथे लोखंडी रॅम्पवर टांगलेली!

हार्लन : रविवारी चर्चहून येताना चढावर गिअर सरकला. इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही. त्या घाटात तुझं तसं झालं असतं म्हणजे? मागून कोळशाचे ट्रक.

ओपल : रविवारी सरकला ना? मग काल अख्खा दिवस पोर्चवर बसून काय केलंस?

हार्लन : पाना नव्हता. शेवटी शेजारच्या बर्लकडून मागून आणला. माझे पाने कुठे गेले ते तुला माहीत आहे.

ओपल : आलं! वाटलंच मला, फिरून तिथेच येणार तू.

हार्लन : माझ्या बापाची पेटी होती ती. खाणीत वापरलेली. ती विकून नशेच्या गोळ्या घेतल्या लोनीने, आणि वर माझ्याबरोबर शेडभर शोधत फिरला. 'डॅड, तिकडे बघितलंत का?' म्हणे.

ओपल : त्याची शिक्षा भोगली त्याने. कोर्टाने दिली ती भोगली, तू दिलीस तीही. एकदासुद्धा भेटायला गेला नाहीस. फोन आला की उठून अंगणात जायचास. खरं सांग हार्लन, मी जाऊ नये म्हणून तेल काढलंस ना?

हार्लन : असं वाटतं तुला?

ओपल : दुसरं काय वाटेल? रात्रभर माझा जीव खालीवर, आणि पहाटे बघते तर तू... शंभर! शंभर झाले!

हार्लन : जातो खाली. पार्कमध्येच राहू दे, कशाला हात लावू नकोस. उघडलं बूच.

ओपल : पडतंय?

हार्लन : नाही.

ओपल : थेंबसुद्धा नाही?

हार्लन : जुनं दुधाच्या कॅनमध्ये मोजलं, तेवढंच नवं घातलं. वर अर्धी बाटली जास्तीची. आता इथून बारीक धार लागायला हवी, मग थेंब, म्हणजे बरोबर भरलं. आणि हे कोरडं ठणठणीत!

ओपल : एकशे चार. मग घाल की अजून.

हार्लन : घालतोच आहे. पंप काय हवेत मारतोय मी?

ओपल : माझ्यावर खेकसून तेल पडणार आहे का?

हार्लन : आख्खी बाटली गेली. तरी नाही. मुरतंय कुठे हे?

ओपल : एकशे सात. अगं बाई, फोन वाजतोय! आकडा गेला, नुसता नंबर दिसतोय.

हार्लन : काट तो! मला आकडा पाहिजे!

ओपल : तुरुंगातला नंबर आहे.

हार्लन : ओपल, बूच उघडं आहे!

ओपल : असू दे उघडं. दोन वर्षं याच नंबरची वाट बघत काढलीत मी. स्पीकरवर टाकते. हॅलो? लोनी?

लोनी : ममा, लवकर सोडलं मला. इथल्या मॅडमनी फोन दिलाय करायला. निघालीस?

ओपल : नाही रे राजा, अजून घरीच आहे.

लोनी : इंजिन चालू आहे ना? आवाज येतोय.

ओपल : गिअरबॉक्सचं तेल बदलतोय. डॅड गाडीखाली आहे.

लोनी : त्यांना ऐकू जातंय माझं?

ओपल : सगळं.

लोनी : मग राहू दे ममा. दुपारची बस आहे, तिने येतो मी. उगाच धावपळ नको तुम्हाला.

ओपल : बसने कशाला? हे तेल तेवढं मेलं हट्टाला पेटलंय. दीड बाटली जास्तीची गेली, तरी बुचातून टिपूस येत नाही.

लोनी : जास्त घालूनही? ममा, गाडीचं नाक कुठल्या बाजूला आहे? डोंगराकडे, का रस्त्याकडे?

ओपल : डोंगराकडे. रविवारी आलो तशीच उभी होती.

लोनी : आणि पुढची चाकं रॅम्पवर?

ओपल : हो.

लोनी : मग कसं पडेल? अख्ख्या वेस्ट व्हर्जिनियात सपाट अंगण आहे कुणाचं? आपल्याकडे नाक उताराला करून रॅम्पवर चढवायची, म्हणजे गाडी सपाट होते. आत्ता चढही वर आणि रॅम्पही वर. तेल सगळं मागे गेलं असणार, आणि बूच पुढच्या अंगाला. डॅडनीच शिकवलंय मला. दाराखालच्या पट्टीवर पाणसळ ठेवून दाखवलं होतं.

ओपल : हार्लन, ऐकलंस?

हार्लन : ऐकलं.

ओपल : मग बोल काहीतरी!

हार्लन : त्याला विचार, एवढं जास्त असताना गाडी वळवली तर चालेल का.

ओपल : मी नाही विचारणार. तू विचार. तोंड आहे ना तुला?

हार्लन : लोनी.

लोनी : हो, डॅड.

हार्लन : वळवली तर चालेल?

लोनी : अंगणातल्या अंगणात चालेल. मग थंड होऊ द्या तेल, आणि पुन्हा बघा. किती जास्तीचं निघतंय ते सांगा मला. फोन परत द्यायचाय आता. ठेवतो.

हार्लन : बसने येऊ नकोस.

लोनी : काय?

हार्लन : बसने नको, म्हणतोय. थांब तिथेच. उशीर होईल, पण येतो.

ओपल : हॅलो? ठेवला त्याने. 'येतो' म्हणालास तू.

हार्लन : बूच लावलं. बाहेर येतोय. मी सांगितलं की गाडी खाली घे.

(गाडी रॅम्पवरून उतरते, अंगणात वळते आणि रस्त्याकडे नाक करून पुन्हा चढते. इंजिन बंद होतं. बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू होतं.)

ओपल : एकशे तीन. निवलं एकदाचं.

हार्लन : उघडतो.

ओपल : पडलं! मला इथे ऐकू येतंय.

हार्लन : नळ सोडल्यासारखं पडतंय. आणि मी आणखी भरतोच आहे, भरतोच आहे. आयुष्यभर याच अंगणात हे काम केलं, आणि आज गाडीचं तोंड कुठे आहे ते दिसलं नाही मला.

ओपल : डोकं ठिकाणावर नव्हतं तुझं.

हार्लन : नव्हतंच. झोप कुठे होती? पण तू जाऊ नयेस म्हणून नाही काढलं तेल. तू एकटी जाणार होतीस म्हणून काढलं. गाडी तरी धड असावी म्हटलं. माझी हिंमत नव्हती, ओपल.

ओपल : एवढा राग धरलास?

हार्लन : राग पहिल्या थंडीतच गेला. पण तोवर इतके दिवस गेलो नव्हतो, की मग जायची लाज वाटायला लागली. जितके दिवस जात होते तितकी जास्त.

ओपल : आणि हे मला आज सांगतोस? गाडीखालून?

हार्लन : तुझ्या तोंडाकडे बघून नसतं जमलं. धार बारीक झाली बघ. आता थेंब. आकडा?

ओपल : एकशे आठ.

हार्लन : बसलं बूच. बंद कर इंजिन. आणि सरक तिकडे, मी चालवतो.

ओपल : हात तरी पूस. तेलाने कोपरापर्यंत लाल झालायस. आणि त्या पिशवीला शिवू नकोस, लोनीला खायला पेपरोनी रोल केलेत.

हार्लन : ओपल.

ओपल : काय?

हार्लन : तो समोर आला की मी काय म्हणू?

ओपल : किती तेल निघालं ते सांग. त्याने विचारलंय.