रामलिंगची वाट

येडशीच्या स्टँडवर सत्यभामाबाई बसची वाट बघत होत्या. शेजारी एक म्हातारा धनगर होता. गिअरची सायकल ढकलत एक गृहस्थ त्याच्यापाशी आले.

“व्यंकटराव तुम्हीच ना? रामलिंगच्या डोंगरात सायकलवरून पडून गेला, त्या रणधीरचा मी बाप.”

सत्यभामाबाई सरकून बसल्या.

“बसा, सायेब,” धनगर म्हणाला. “हीच व्हय ती सायकल? म्या एका हातानं उचलून बाजूला केलती.”

“डोंगर चढायला हलकी हवी म्हणाला. मीच घेऊन दिली.”

“उतार लई खडकाळ हाय तितं.”

“शेवटी काही बोलला?”

“पाणी मागितलं. म्या पाजलं.”

“प्यायला?”

“दोन घोट. डोकं माझ्या मांडीवर हुतं.”

गृहस्थ बराच वेळ सायकलचं हँडल पुसत राहिले.

“त्या वाटेनं मला ही चालवत जायचंय.”

“चला. म्या म्होरं चालतो. तुमी हळू या.”