उकळून झालेली हाडे

जबाब देणारीचे नाव : दुकानाच्या परवान्यावर आहे तेच, हाक मारताना सगळे 'मटणवाल्या वहिनी' म्हणतात. वय : अठ्ठेचाळीस. धंदा : नवऱ्यासोबत मटणाचे दुकान. राहणार : सरकारी दवाखान्याच्या मागची गल्ली, दुकानावरच्या खोल्या.

मी कुणी न बोलावता ठाण्यात हजर झाले असून, साहेबांनी विचारले तेवढे आणि न विचारलेले थोडे, असे सांगते की, दवाखान्याच्या स्वयंपाकघराला मटण आमच्या दुकानातून जाते. काल सकाळी त्या स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावरून पडून जे गृहस्थ वारले, ते आमच्या गल्लीतले शिंपी. त्यांना सगळे मास्तर म्हणत. वॉचमनच्या जबाबात ते चोरी करताना पडले असे लिहिल्याचे मला कळले. मी तिथे हजर होते. चोरी झालेली नाही, हे सांगायला मी आले आहे.

मास्तर तिथे का गेले हे कळायला आधी धंद्याचे सांगावे लागेल. साहेब म्हणाले, थोडक्यात सांगा. थोडक्यात होत नाही. पूर्वी दवाखाना आमच्याकडून फक्त मांडीचे आणि खांद्याचे बिनहाडाचे मटण घेई. पण बोकडाला नुसती मांडी नसते. मुंडी, फासळ्या, नळ्या आमच्या गळ्यात पडत, म्हणून मांडीचा भाव चढा लावावा लागे. त्यातच लांबच्या एका कंपनीने बर्फातली खोकी आमच्यापेक्षा स्वस्तात देऊ केली. दवाखाना हातचा गेला असता तर दुकानाला टाळे लागले असते, आणि आम्हाला बकऱ्या आणून देणारी आसपासची पाच-सहा घरेही बसली असती.

मी स्वयंपाकघराच्या सुपरवायझरला सांगितले की अख्खा बोकड घ्या, सरसकट एकच भाव लावते. चांगले तुकडे ताटात, कडेकडेचा खिमा, हाडांचे सूप. हिशोब मांडला तर खोक्यापेक्षा स्वस्त पडत होते. त्यांना पटले. मोठे अधिकारी येऊन 'आपल्या भागातले मटण' म्हणून फोटोही काढून गेले. फोटोत सुरा सुपरवायझरच्या हातात आहे आणि त्याने तो उलटा धरला आहे. माझा हिशोब तेव्हा बरोबर होता, आजही बरोबर आहे. आमच्या मागच्या दाराला येणारी माणसे तेवढी त्यात धरलेली नव्हती.

मागच्या दाराला गल्लीतले लोक उरलेली हाडे न्यायला येत. मास्तर त्यातलेच. त्यांची बायको, तिला आम्ही काकू म्हणतो, वर्षभर अंथरुणाला खिळून आहे. तिला चावत नाही, जड काही गिळवत नाही. नळ्यांचे सूप तेवढे पोटात राहते. मास्तर फुकटे नव्हते. नळ्या नेल्या की आमचे उसवलेले ॲप्रन घेऊन जात आणि इस्त्री करून परत आणत. मी नको म्हटले की रागवत.

सगळा माल दवाखान्यात जाऊ लागल्यावरही ते येत राहिले. "वहिनी, आज काही?" असे विचारत. मी म्हणे, "नाही हो मास्तर, आता सगळं काट्यावर मोजून जातं." ते म्हणत, "असू द्या, असू द्या." एकदा मी दुसरीकडून विकत आणून देते म्हणाले. मग ते आठवडाभर दुकानासमोरून गेलेच नाहीत, लांबच्या रस्त्याने जात. मला फार वाईट वाटले. ॲप्रन मात्र मागून घेऊन गेले होते, ते शेजारणीच्या हाती पाठवले.

काल सकाळी मी माल पोचवायला गेले. आदल्या दिवशीची, सूप काढून झालेली हाडे ओट्यावरच्या पिंपात होती. मास्तर पिंपाशी उभे होते, हातात स्वतः शिवलेली कापडी पिशवी. त्यांनी आचाऱ्याला विचारले. आचारी म्हणाला, "न्या की, आमच्या काय कामाची?" हे मी माझ्या कानांनी ऐकले. आता तो नाही म्हणत असेल तर त्याला नोकरी सांभाळायची आहे, मी त्याला दोष देत नाही.

मास्तर हाडे पिशवीत भरत होते, तेवढ्यात वॉचमन धावत आला. "ओ आजोबा, ठेवा ते खाली. त्याचं कंत्राट दिलंय." उकळून झालेली हाडेसुद्धा खतवाल्याने विकत घेतलेली आहेत, हे मलाही तेव्हाच कळले. मास्तर म्हणाले, "अरे बाबा, यातलं सगळं तर तुम्ही काढून घेतलंय. मी आणखी एकदा उकळून बघतो." वॉचमनने पिशवी धरली. मास्तरांनी सोडली नाही. वॉचमनने ढकलले असे मी म्हणणार नाही, कारण त्याने ढकलले नाही. दोघे ओढत होते. शिवण पक्की होती, पिशवी फाटली नाही. मी ओरडले, "सोड रे!" आणि त्याने सोडली. मास्तर पिशवीसकट मागे गेले. ओट्याखाली वजनकाट्याची लोखंडी कड होती.

साहेबांनी विचारले की 'सोड' कुणाला म्हणालात. मी वॉचमनला म्हणाले. त्याने माझे ऐकले.

संध्याकाळी सुपरवायझर दुकानात आला. म्हणाला, "वहिनी, चोर होता म्हटलं की विषय मिटतो. नाहीतर चौकशी लागेल, आणि मग पुढच्या वेळी खोकी येतील, मला बोलू नका." नवराही म्हणाला, "तोंडाला जरा आवर घाल, आपलं पोट त्यांच्यावर आहे." ते मला ठाऊक आहे. बकरीवाल्या घरांचेही पोट त्यावरच आहे, हेही ठाऊक आहे. तरी मी इथे आले आहे.

घरी करणारे कुणी उरले नाही म्हणून शेजारणींनी काल दुपारी काकूला त्याच दवाखान्यात दाखल केले. दाखल झालेल्या माणसाला सूप दोन्ही वेळा मिळते, पैसे पडत नाहीत. नर्स म्हणाली, वाटी पूर्ण संपवतात. आज सकाळी मी भेटायला गेले तर काकू म्हणाली, "अगं, मी इथे येऊन पडले. यांच्या जेवणाचं कोण बघतंय?" मी म्हणाले, "मी बघते."

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. एके ठिकाणी मयताने हाडे 'चोरून घेतली' असे लिहिले गेले होते. ते मी खोडायला लावून 'मागून घेतली' असे करून घेतले आणि खोडलेल्या जागी सही केली. बाकी सगळे मी बोलले तसेच आहे. काकूला अजून कुणी सांगितलेले नाही. इथून उठून ते मलाच सांगायचे आहे.