छत्री होती, तरी भिजलो

अहो, होती ना छत्री! या उजव्या हातात होती, चांगली लांब दांड्याची, एक काडी मोडलेली नाही... आणि तरी मी डोक्यापासून चपलेपर्यंत ओलाचिंब! फुलपाड्याला आमच्या बिल्डिंगचा वॉचमन विचारतो, "काका, छाता खोला नहीं?" आता याला काय सांगू? तुम्हाला सांगतो.

रिटायर झालो तशी बायको, आमची मीरा, म्हणाली, "दिवसभर बडबडून माझं डोकं खाता, जा कुठेतरी." गेलो! चतुर मोजणाऱ्यांत! चतुर हो, पावसाळा सरताना पाण्यावर भिरभिरतात ते, लहानपणी आपण शेपटीला दोरा बांधून उडवायचो ते! दर रविवारी सकाळी सातला, कळंबच्या अलीकडे एका वाडीत, बावखलावर, म्हणजे वाडीतल्या जुन्या तळ्यावर. आम्ही पाच-सहा रिकामटेकडे आणि आमच्या म्होरक्या क्लेमेंटीन टीचर. आयुष्यभर शाळेत शिकवलंय, डोळे वटारले की मी साठीचा माणूस हाताची घडी घालतो! "एक, बोलायचं नाही. दोन, काठाला काही रोवायचं नाही. सुधाकरराव, तुम्हालाच सांगतेय!"

पण वहीत लिहायला दोन हात नकोत? रोवली मिटलेली छत्री चिखलात, मूठ वर. दोनच मिनिटं हो!

तेवढ्यात पाण्यातून एक मातकट किडा निघाला आणि सरसर चढला की छत्रीवर, मुठीखाली कापडाला धरून थांबला... आणि छत्री लागली कलायला! धरली मी. मागून टीचर, अगदी हळू, "हलू नका. चतुराची अळी आहे, कात टाकतेय. आत्ता पडली तर पंख चुरगळलेले राहतील, जन्मात उडणार नाही."

झालं! कंबरेत वाकलेला, गुडघे बोंबलतायत, आणि मी गप्प! मी! तासभर!

आणि काय बघितलं सांगू? तिची पाठ उसवली. आतून डोळे आले, केवढे मोठे! ओला, फिकट जीव उलटा लोंबकळला... हालचाल बंद... मला वाटलं, गेला. तर उठून बसला की, आणि शेपूट ओढून काढली! पंख म्हणजे ओल्या कागदाचे बोळे. ते माझ्या नाकासमोर उलगडायला लागले, एक एक रेघ, कुठे फाटणं नाही... अरे, घड्या घातल्या कोणी यांच्या?

आणि आला पाऊस! छत्री हातात, आणि उघडता येत नाही! वाकलो आणखी, हे टक्कल धरलं त्याच्यावर. पाणी मानेवरून पाठीत. किती जणांना दोरे बांधले ते आठवलं आणि लाज वाटली हो, खरंच. पडू नकोस रे बाबा, एवढंच मनात.

पाऊस थांबला. ऊन आलं. पंख थरथरले... आणि गेला! माडांच्या वर!

मग टीचर म्हणाल्या, "नियम मोडलात, सुधाकरराव. वहीत एक लिहा." लिहिला मी, भिजल्या पानावर, मोठ्ठा एक!

घरी मीरा ओरडली, "छत्री होती ना हातात?" मी तोंड उघडलं... शब्दच नाही! ती घाबरली, कपाळाला हात लावून ताप बघितला. मग छत्री वाळत घालायला उघडणार, तर मी किंचाळलो! मुठीखाली कात आहे ना, सहाही पाय घट्ट रोवून बसलेली, रिकामी. कशी उघडू?

चला, बाहेर भरून आलंय, निघतो. काय म्हणालात, छत्री? आहे ना! शोकेसमध्ये.